परभणीच्या प्रयोगशाळेत जुन्या वर्कस्टेशनच्या जागी काय आणावं?

परभणीचं नाव राज्याच्या बातम्यांत वर्षातून दोनदा हमखास येतं. डिसेंबर-जानेवारीत पारा एकदम खाली जातो तेव्हा, आणि मे महिन्यात तो ४४ अंशांच्या आसपास ठाण मांडतो तेव्हा. त्या बातमीतला आकडा पुष्कळदा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांचं नाव धारण केलेल्या या संस्थेने जिल्ह्याला मोजमापाची सवय लावली. पावसाचं मोजमाप, मातीतल्या ओलाव्याचं, झाडावरच्या बोंडांचं. 'परभणी क्रांती' भेंडी किंवा 'परभणी मोती' ज्वारी ही वाणं आली ती वर्षानुवर्षं भरलेल्या नोंदवह्यांमधून.

आता त्याच शेतांवर ड्रोन फिरतात. जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून, म्हणजे 'नाहेप'मधून, परभणीला डिजिटल शेतीचं केंद्र मिळालं. यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनं हा त्याचा विषय. २०२५ मध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरणही मंजूर केलं. ड्रोन आले, सेन्सर आले, धोरण आलं. या सगळ्यातून येणारी माहिती अखेर ज्या संगणकावर उलगडायची, त्याच्याबद्दल मात्र आपल्याकडे फार कमी बोललं जातं. तो संगणक बदलायची वेळ सध्या पुष्कळ ठिकाणी एकदमच आली आहे, म्हणून हा आढावा.

वेळ एकदम येण्याला दोन कारणं आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेली, अजून ठणठणीत चालणारी वर्कस्टेशनं कागदावर म्हातारी झाली. दुसरं कारण ग्राफिक्स कार्डाचं. शास्त्रीय गणनेसाठी एनव्हिडियाची कार्डं ज्या 'कुडा' प्रणालीवर चालतात, तिची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तीन पिढ्यांची कार्डं वगळली. २०१७ सालचं एखादं क्वाड्रो पी-४००० कार्ड आजही नकाशा व्यवस्थित दाखवतं, पण नव्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्राम त्याच्यावर चालणार नाही.

यात घाई करण्यासारखं काही नाही. पहिलं कारण काही कामांपुरतं लिनक्स टाकून सुटतं, दुसरं जुनीच आवृत्ती धरून ठेवून काही वर्षं पुढे ढकलता येतं. तरी बदल होणारच आहे, आणि तो होताना एक चूक मला जागोजागी दिसते: जुन्या यंत्राच्या वर्णनातले आकडे दुप्पट करून तेच वर्णन नव्या निविदेत उतरवणं. १६ जीबीची रॅम होती, आता ३२ लिहा. ४ जीबीचं कार्ड होतं, आता ८ लिहा. या आकड्यांचा प्रत्यक्ष कामाशी काही संबंध उरलेला नसतो.

हे असं का होतं, ते कळायला वर्कस्टेशन या वस्तूचा थोडा इतिहास बघावा लागतो. १९८१-८२ मध्ये अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स आणि सिलिकॉन ग्राफिक्स या दोन कंपन्या निघाल्या. पुढे त्यांच्या यंत्रांत प्रोसेसर त्यांचा, ग्राफिक्स त्यांचं, युनिक्सची आवृत्तीसुद्धा त्यांचीच. रेणूची रचना पडद्यावर फिरवून पाहायची, धरणाच्या भिंतीवरचा ताण रंगांत बघायचा, तर हीच यंत्रं. किंमत एवढी की संपूर्ण विभागाला एक यंत्र मिळालं तरी भाग्य. ते एकच यंत्र तीन कामं करायचं: चित्र दाखवायचं, गणित करायचं, आणि माहिती सांभाळायची. १९९९ मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी जीफोर्स २५६ कार्ड आलं, पाठोपाठ साध्या पीसीवर लिनक्स स्थिरावलं आणि हे साम्राज्य ढासळू लागलं. २००६ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या मिप्स-आयरिक्स यंत्रांचं उत्पादन थांबवलं. २००७ मध्ये कुडा सर्वांसाठी खुलं झालं आणि चित्र काढायला बनवलेलं कार्ड थेट गणिताला जुंपता येऊ लागलं.

महाराष्ट्राने हा पूर्ण प्रवास जवळून पाहिला आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला हात आखडला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यामागची कल्पना अशी की एक अवाढव्य प्रोसेसर मिळत नसेल तर पुष्कळ लहान प्रोसेसर एका कामाला लावायचे. जुन्नरजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या श्रेणीवाढीत आकाशातून येणारे संकेत एकमेकांशी जुळवायचं काम ग्राफिक्स कार्डांवर सोपवलं गेलं. गेमच्या बाजारासाठी वाढलेलं तंत्र तिथे तारकांच्या नोंदी जुळवतं आहे.

तेव्हा जुन्या वर्कस्टेशनने जी तीन कामं एका पेटीत कोंबली होती, ती आता सुटी करता येतात. माझ्या मते परभणीसारख्या ठिकाणी ती सुटी करणंच शहाणपणाचं आहे. पण आधी कामं कोणती आहेत ते पाहू.

सर्वांत जड काम ड्रोनच्या छायाचित्रांचं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी फुकट मिळतात आणि त्यांतला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे एका एकरात जेमतेम ४० ठिपके. तालुक्याचा पीकपेरा कळायला ते पुरतं, सोयाबीनच्या कुठल्या ओळीवर पिवळा मोझॅक दिसतो आहे ते कळत नाही. ड्रोनचा ठिपका अडीच सेंटिमीटरचा धरला तर त्याच एकरात ६० लाखांहून जास्त ठिपके येतात. आता हिशेब करा. २० मेगापिक्सेलचं एक छायाचित्र उलगडलं की मेमरीत ६० एमबी जागा घेतं. संशोधन प्रक्षेत्रावरच्या एका उड्डाणात ६०० छायाचित्रं निघाली तर नुसती ती उघडायलाच ३६ जीबी. त्यांच्यातले समान बिंदू शोधून, एकमेकांवर चढवून, त्यांचा एक सलग नकाशा आणि उंचीचा आराखडा करायचा तर आणखी कितीतरी.

मेटाशेप असो, पिक्स-फोर-डी असो की मुक्त स्रोतातलं ओपनड्रोनमॅप असो, या कामात पहिली अडचण कार्डाची येत नाही, रॅमची येते. बिंदू जुळवण्याचा टप्पा ग्राफिक्स कार्ड झपाट्याने उरकतं, पण दाट बिंदूंचा ढग बांधताना रॅम संपली की संगणक डिस्कवर लिहायला लागतो आणि दोन तासांचं काम रात्रभर रखडत राहतं, किंवा पहाटे बंद पडतं. म्हणून आधी ६४ जीबी रॅम, शक्यतो १२८, आणि ती नंतर वाढवता येईल अशा मोकळ्या खाचा. त्यानंतर वेगवान एनव्हीएमई डिस्क. कार्ड तिसऱ्या क्रमांकावर. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेले आहेत, त्यामुळे अंदाजपत्रकात कात्री लागली की पहिला घाव नेमका रॅमवर बसतो. तसं होऊ देऊ नये. कार्ड एक पायरी खालचं घ्या, रॅम मात्र सोडू नका.

दुसरं काम पीक प्रारूपांचं. डीएसएसएटी किंवा एपसिमसारख्या प्रारूपांत हवामान, माती, वाण आणि पेरणीची तारीख द्यायची आणि उत्पादनाचा अंदाज घ्यायचा. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम, पूर्णा. हे ९ तालुके, प्रत्येकी ५ प्रकारच्या जमिनी, पेरणीच्या ६ तारखा आणि ३० वर्षांचं हवामान धरलं तर ८,१०० वेळा प्रारूप चालवावं लागतं. ऐकायला प्रचंड, पण प्रत्येक फेरी छोटी आणि दुसरीपासून स्वतंत्र. इथे ग्राफिक्स कार्डाचा काडीचा उपयोग नाही. प्रोसेसरला १६ गाभे असले तर एकाच वेळी १६ फेऱ्या चालतात, एवढा सरळ हिशेब. या विभागाला महागडं कार्ड घेऊन देणं म्हणजे तो पैसा वाया गेला असं मी स्पष्ट म्हणेन.

इथेच एक बारकावा सांगतो, जो विक्रेते सहसा सांगत नाहीत. शास्त्रीय गणनेत आकड्याचे साधारण सात सार्थ अंक बरोबर ठेवून भागतं का, की पंधरा अंक हवेत, हा कळीचा प्रश्न असतो. भूजलाचा प्रवाह, अवजारावर येणारा ताण, हवामानाची समीकरणं यांत लाखो पायऱ्यांमध्ये लहान चूक साचत जाते, म्हणून बऱ्याचदा पंधरा अंकांची, म्हणजे दुहेरी अचूकता लागते. चेहरा किंवा रोगट पान ओळखण्याच्या कामाला ती लागत नाही. कंपन्यांनी गेल्या दशकात कार्डं बनवली ती या दुसऱ्या कामासाठी. परिणाम असा की २०२२ चं आरटीएक्स ४०९० साध्या अचूकतेत ८० टेराफ्लॉपच्या (हे गणनेच्या वेगाचं माप) वर जातं आणि दुहेरी अचूकतेत त्याचा ६४वा भाग, म्हणजे सव्वा टेराफ्लॉपच्या आसपास उरतं. २०१३ चं जीटीएक्स टायटन दुहेरी अचूकतेत जवळपास तिथेच होतं. आजचा १६ गाभ्यांचा चांगला प्रोसेसरही कागदावर एक टेराफ्लॉपच्या आसपास पोचतो. मधल्या वर्षांत जाहिरातीतला आकडा अनेक पटींनी वाढला, पण दुहेरी अचूकतेचं काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही. 'प्रोफेशनल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक वर्कस्टेशन कार्डांचीही तीच कथा आहे. खरी दुहेरी अचूकता ए-१०० सारख्या, सर्व्हरच्या वर्गातल्या कार्डांत मिळते आणि त्यांची किंमत जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विभागाच्या आवाक्याबाहेरची असते. तेव्हा असं काम वरचेवर असेल तर पैसा प्रोसेसरच्या गाभ्यांत घाला किंवा ते काम बाहेरच्या महासंगणकावर पाठवा.

कृषी अभियांत्रिकीतल्या आरेखनाबद्दल थोडक्यात. बैलचलित अवजारं, रुंद वरंबा-सरीचं पेरणी यंत्र, त्याचा फाळ आणि दांडा यांचं त्रिमिती आरेखन करायला सॉलिडवर्क्ससारखं सॉफ्टवेअर असेल तर त्या कंपनीने प्रमाणित केलेलं कार्ड घ्यावं. जीफोर्सवर ते चालतं, पण मध्येच रेषा गायब झाल्या तर सॉफ्टवेअर कंपनी हात वर करते. अशा कामाला सर्वांत महाग कार्ड लागत नाही. वर्कस्टेशन वर्गातलं खालचं कार्डही पुरेसं होतं.

राहिलं यंत्र-शिक्षणाचं काम. गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं बोंड, तांबेऱ्याचं पान, तणाचं रोप ओळखायला प्रारूप शिकवायचं तर कार्डावरची मेमरी सर्वांत महत्त्वाची. वेग कमी असला तर वाट पाहता येते. मेमरी कमी असली तर काम सुरूच होत नाही. तयार प्रारूपाला आपल्या छायाचित्रांवर घासूनपुसून घ्यायला १६ जीबी पुरते. शेतकऱ्याच्या मराठी प्रश्नांना उत्तर देणारं ७ अब्ज घटकांचं भाषा-प्रारूप नुसतं चालवायला, घटकामागे दोन बाइट धरले तर, १४ जीबी लागते. आकडे दाबून चार बिटांवर आणले तर साडेतीन-चार जीबीत बसतं. असं प्रारूप मुळापासून शिकवणं हे परभणीच्या खोलीत करायचं कामच नाही.

आता वीज आणि उष्णता. माझ्या मते परभणीत कार्ड निवडताना पहिला आकडा वॅटचा पाहावा. आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅट लागतात, ४०९० ला ४५०. बाकीचं यंत्र धरून एक वर्कस्टेशन ७०० वॅटवर गेलं असं समजू. अशी पाच यंत्रं एका खोलीत रात्रंदिवस चालली तर साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर पडते, आणि एक टनाचा एसी जवळपास तेवढीच खेचू शकतो. म्हणजे पूर्ण एसी यंत्रांनीच खाल्ला. बाहेर ४४ अंश असताना भिंतींतून आणि पत्र्यातून येणारी उष्णता कोण काढणार? वीज गेली की एसी थांबतो, यंत्रं यूपीएसवर चालत राहतात आणि खोली मिनिटांत तापते. एका यंत्राचं चोवीस तासांचं बिल जवळपास १७ युनिटांचं, ते वेगळंच.

उलट बाजूला आरटीएक्स ४००० च्या अ‍ॅडा पिढीतलं लहान आकाराचं कार्ड आहे. त्यात २० जीबी मेमरी, चूक पकडून दुरुस्त करण्याची सोय, आणि खर्च फक्त ७० वॅट. वेगात ते मोठ्या कार्डांच्या जवळही जात नाही. तरी ते साध्या यूपीएसवर तग धरतं, मे महिन्यातही शांत चालतं आणि त्याला वेगळी जाड वायर लागत नाही. ज्या गणनेला मोठ्या कार्डावर एक रात्र लागते तिला इथे काही रात्री लागतील. संशोधनाच्या हंगामात तेवढ्या रात्री परवडतात, जळालेला वीजपुरवठा संच परवडत नाही.

यूपीएस घेताना शुद्ध साइन वेव्ह देणारा, शक्यतो ऑनलाइन प्रकारचा घ्यावा. घरगुती चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चांगले वीजपुरवठा संच रुसतात. अर्थिंगचा विषय तर इथल्या जमिनीशीच बांधलेला आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातला ओलावा जातो आणि पावसाळ्यात चोख वाटणारं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कुचकामी ठरतं. खड्ड्यात पाणी घालायची आठवण कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि वर्षातून एकदा मेमध्येच मोजणी करून घ्यावी. प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी दर तासाला अर्धवट काम डिस्कवर उतरवण्याची सवय लावून घ्यावी. त्याला पैसा लागत नाही आणि डीपी उडाली तरी तासाभरापलीकडे नुकसान होत नाही.

मग बाहेरचा संगणक का वापरू नये? वापरावाच. राष्ट्रीय महासंगणन अभियानातली परम यंत्रं आहेत, पुण्यात आयसरमध्ये 'परम ब्रह्मा' २०१९ पासून आहे. इंडिया-एआय अभियानातून संशोधकांना सवलतीत जीपीयूचे, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचे, तास देण्याची सोय झाली आहे. विद्यार्थ्याला गूगलच्या कोलॅबवर १६ जीबीचं टी-४ कार्ड काही तास फुकट मिळतं आणि पदव्युत्तर प्रबंधातले कितीतरी प्रयोग तेवढ्यात होतात. अडचण माहिती वर चढवण्याची आहे. १०० जीबी छायाचित्रं २० एमबीपीएसने पाठवायला अकरा तास लागतात, तेही लाइन न तुटता. म्हणून कच्ची छायाचित्रं इथेच उलगडावीत, नकाशा तयार करावा आणि त्यातून कापलेले छोटे नमुने शिकवणीसाठी बाहेर पाठवावेत.

एवढं पाहिल्यावर माझी शिफारस अशी. प्रत्येक प्राध्यापकाच्या टेबलावर एक भारी वर्कस्टेशन, हा आग्रह सोडावा. विभागाला, किंवा दोन विभागांत मिळून, एक सामाईक यंत्र: भरपूर गाभ्यांचा प्रोसेसर, १२८ किंवा २५६ जीबी ईसीसी (चूक पकडून दुरुस्त करणारी) रॅम, एक मोठ्या मेमरीचं कार्ड, लिनक्स, आणि त्याच्यापुरती थंड ठेवलेली एक छोटी खोली. बाकी टेबलांवर साधी, कमी विजेची यंत्रं आणि चांगला, रंग नीट दाखवणारा मोठा पडदा. दिवसभर डोळे त्याच्याकडेच असतात, आणि तोच बहुतेक निविदांतून सुटतो. माहिती वेगळ्या साठवण यंत्रावर, आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, त्यानंतर तळमजल्यावरच्या एकाच कपाटात सगळ्या डिस्क ठेवायचं धाडस कोणी करू नये.

सामाईक यंत्राला एक माणूस लागतो. कोणाचं काम कधी चालेल याची रांग लावणारा, नवी आवृत्ती टाकण्याआधी जुनी जपणारा, पंख्यांवरची धूळ महिन्याला काढणारा. तो नेमला नाही तर वर सांगितलेलं सगळं कोलमडतं. पद मंजूर होत नसेल तर दोन पीएचडी विद्यार्थ्यांवर ही जबाबदारी मानधनासह आणि लेखी सोपवावी. फुकटात कोणाच्या गळ्यात मारू नये.

खरेदी बहुधा सरकारच्या जेम पोर्टलवरून आणि मार्चअखेरीस होते. सर्वांत कमी दराचा माल घ्यावा लागतो ही तक्रार खरी आहे, पण तांत्रिक अटी लिहिणं आपल्याच हातात असतं. 'आय-९, ३२ जीबी, ८ जीबी कार्ड' असं लिहिण्यापेक्षा आपल्याच प्रक्षेत्रावरची ६०० छायाचित्रं देऊन 'इतक्या तासांत नकाशा तयार झाला पाहिजे' अशी प्रात्यक्षिकाची अट घालावी. पाच वर्षांची जागेवर सेवा मागावी आणि दुरुस्तीचा माणूस कुठून येणार ते विचारावं. नांदेड साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, छत्रपती संभाजीनगर त्याहून बरंच लांब. सुटा भाग पुण्याहून किंवा हैदराबादहून यायचा असेल तर ऑगस्टमध्ये यंत्र आठवडाभर बंद राहील. नेमकं तेव्हाच सोयाबीन फुलोऱ्यात असतं आणि ड्रोनची उड्डाणं रोज होतात. वॉरंटी माल पोचल्याच्या दिवसापासून धावू लागते, म्हणून वायरिंग आणि अर्थिंग आधी, खोकी नंतर.

शेवटी जुनी यंत्रं. निर्लेखनाचा ठराव होऊन ती भंगारात जाण्याआधी रॅम, डिस्क आणि चालू स्थितीतली कार्डं काढून घ्यावीत. नकाशा बघायला, आकडेवारी चालवायला लिनक्स टाकलेलं २०१७ चं यंत्र पदवीच्या मुलांना अजून चार वर्षं पुरेल. उरलेलं १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जावं. आणि प्रत्येक डिस्क पुसण्यापूर्वी उघडून पाहावी. एखाद्या फोल्डरमध्ये निवृत्त झालेल्या कोणीतरी वीस हंगामांची पर्जन्याची किंवा मातीच्या ओलाव्याची नोंद ठेवलेली असते, आणि ती दुसरीकडे कुठेही नसते. डेड स्टॉक रजिस्टरात त्या यंत्रापुढे लाल शाईने रेघ मारायच्या आधी ती नोंद नव्या साठवणीवर उतरली की नाही, याचा एक रकाना त्याच पानावर आखून घ्यावा.